माझ्यातली गिरणीवाली

मी एक जुने गोष्टींचे पुस्तक आहे. काष्टी गावच्या वाचनालयात अगदी खालच्या फळीवर, खाकी कव्हर घालून मला ठेवले आहे. मी मळू नये म्हणून नव्हे, मित्रांनो, माझ्यावरचे चित्र कुणाला दिसू नये म्हणून.

शेकडो वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये बाजारात, मेजवानीत सांगत त्या चावट गोष्टी माझ्यात आहेत. बावळट नवरे, लोभी पाद्री आणि त्यांना हातोहात बनवणाऱ्या बायका. एका मास्तरांनी हौसेने त्या मराठीत आणल्या. छापताना अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगारसुद्धा हसू दाबत होते. लोकांना हसवण्याचा मला केवढा गर्व होता!

तो गर्व गावातल्या कानिफनाथने उतरवला. मला मांडीवर घेऊन तो पारावर गिरणीवाल्याच्या बायकोची गोष्ट सांगत होता. पाद्री तिच्या घरात शिरतो इथवर आला, पण हशा म्हणावा तसा पिकेना. मग त्याने त्या बायकोला कडूबाईचे नाव दिले. कडूबाई म्हणजे नवऱ्यामागे एकटीने पिठाची गिरणी चालवणारी आमच्याच गावची बाई. पारावरचे सगळे हसून लोटपोट झाले. आठ दिवसांत त्या गोष्टीची बातमी झाली आणि बायका दळण दुसरीकडे नेऊ लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एके दिवशी कडूबाई स्वतःच वाचनालयात आली आणि तिने ग्रंथपाल सविताताईंना ती गोष्ट वाचायला लावली. सविताताई अडखळत, पण शेवटपर्यंत वाचत गेल्या. शेवटी ती बायको पाद्र्याला पिठाच्या पिंपात कोंडते आणि सारा गाव बोलावून दाखवते. हे पारावर कुणी सांगितलेच नव्हते. कडूबाई हसली नाही. तिने फक्त विचारले, "हिचं नाव काय हाय?"

"नाव दिलेलं नाही," सविताताई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी मला घेऊन कडूबाई पारावर गेली. मला कानिफनाथच्या हातात देऊन म्हणाली, "माझं नाव कुठं लिवलंय, तिथं बोट ठेव."

त्याने पाने उलटली, परत उलटली. सगळे बघत होते. शेवटी मान खाली घालून तो म्हणाला, "न्हाई काकी. कुठंच न्हाई."

मित्रांनो, मला वाचून खुशाल हसा. मात्र माझ्यात नसलेले नाव माझ्या पानांत घुसडू नका. दोन-चार घरांचे दळण अजूनही कडूबाईकडे येत नाही.