दोन्ही नळ एकदम

त्या दिवशी बाबांनी माझं अकरावं घर नापास केलं.

घर चांगलं होतं. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, बसथांबा समोरच. मी फोन हातात धरून घरभर फिरत होते आणि पडद्यावर बाबांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केलेल्या या माणसाला फोन कसा धरायचा, हे मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

"भिंती नको दाखवू. भिंती कुणीही रंगवतं. मोरीत चल."

"बाबा, इथं मोरी नसते."

"अंघोळ करतात ना लोक? मग तिथं चल."

घरं दाखवणारा एजंट माझ्यामागे उभा होता. उंच, शांत माणूस, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'किल्लेदार' ठेवलं होतं. मराठी पुरेशा मोठ्यानं बोललं की जगात कुणालाही कळतं, असा बाबांचा विश्वास होता, आणि किल्लेदाराच्या बाबतीत तो चौथ्या घरापासून खरा ठरायला लागला होता.

"किल्लेदारसाहेब! दोन्ही नळ एकदम सोडा!"

किल्लेदार मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला. मी न्हाणीघरातला शॉवर सोडला. तिकडचा नळ सुरू झाला, तशी इकडची धार बारीक होत करंगळीएवढी झाली.

"बघ," बाबा म्हणाले. समाधानानं म्हणाले, कारण दोष सापडला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. "एक जण अंघोळीला गेला आणि दुसऱ्यानं भांडी घासायला घेतली की झालं भांडण. दोघांच्या घरात हे चालायचं नाही."

"कुठले दोघं? मी एकटीच आहे."

"हो, हो. पण माणसानं पुढचं बघावं."

दोघं कोण, ते मला माहीत होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा एकटेच राहत होते आणि आत्याबरोबर दोन दिवस कुठे जाऊन या म्हटलं तरी "गल्लीतले नळ कोण बघणार?" म्हणून टाळत होते. मला त्यांना इकडे परदेशात, माझ्याजवळ आणायचं होतं. त्यासाठी कुठले कागद लागतात, तेही मी ऑफिसात विचारून ठेवलं होतं. तळमजला त्यांच्या गुडघ्यांसाठी, दुसरी खोली त्यांची. पण हे आधी सांगितलं असतं तर नकारघंटा ठरलेली. म्हणून डाव असा, की घर त्यांनीच तपासायचं, त्यांनीच पास करायचं आणि मग मी विचारायचं. स्वतः पास केलेल्या घराला नाही म्हणायला त्यांना जड गेलं असतं. अडचण एकच. ते काही पास करेनात.

"ही मागची खोली कशी आहे?" मी फोन फिरवला. "ऊन येतं इथं."

"ऐसपैस आहे." मग जरा थांबून, "तुला काही सांगायचंय का?"

"कशाबद्दल? घराबद्दल?"

"घराबद्दलच."

"नाही."

"बरं." तेवढ्यात त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. "तिसरी झाली बघ, ठेवतो. आणि घाई करू नकोस गं. अकरा विहिरी कोरड्या गेल्या, बाराव्यात पाणी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. आत्या मागच्याच गल्लीत राहते. तिच्याकडे किल्ली होती. झोपेतच गेले, असं तिनं फोनवर सांगितलं, आणि मग "तू जेवलीस का?" असं विचारलं. तिला दुसरं काही सुचलं नसणार.

मी गेले. जे करायचं असतं ते केलं. गल्लीतल्या बायका येऊन बसत आणि आपल्या घरातला कुठला नळ त्यांनी कधी बसवला ते सांगत. एक म्हणाली, "वॉशर बदलायला आले की आधी मलाच ओरडायचे, नळ एवढा आवळता कशाला, त्याचा गळा दाबायचाय का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

परत आले तेव्हा कंपनीनं दिलेली तात्पुरती खोली सोडायला आठच दिवस उरले होते. किल्लेदाराला मी निरोप पाठवला: आता एक खोली पुरे, कुठल्याही मजल्यावर चालेल. कारण लिहिलं नाही. परक्या भाषेत ते वाक्य तयार करून बघितलं होतं. व्याकरणाच्या पुस्तकातलं उदाहरण वाटलं.

दोन दिवसांनी त्यानं बोलावलं. गेले तर तळमजला आणि दोन खोल्या.

"मी एक खोली म्हटलं होतं," मी म्हणाले.

"हो. पण हे घर काल रिकामं झालं, आणि मी तपासलं."

माझ्या उत्तराची वाट न बघता तो आत गेला. स्वयंपाकघरातला नळ सोडला, न्हाणीघरातला शॉवर सोडला, बेसिनचाही सोडला. मग दारात उभा राहिला. तिन्ही धारा पुऱ्या जोरात पडत होत्या. एकही बारीक झाली नाही. नंतर त्यानं खिशातून कागदाचा रुमाल काढला, खाली वाकून बेसिनखालच्या पाइपाच्या जोडाभोवती गुंडाळला, सोडवला आणि माझ्यापुढे धरला. कोरडा. ही बाबांची पद्धत. आठव्या घरात त्यांनी ती मला मोठमोठ्यानं शिकवली होती. त्यानं ती कधी उचलली, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मुख्य कॉक दाराजवळ आहे. हातानं फिरतो," तो म्हणाला. "तुमचे वडील या घराला नाही म्हणणार नाहीत."

"घेते मी," मी म्हणाले.

"आधी वडील." त्यानं फोनसाठी हात पुढे केला. चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या माणसाचे भाव होते.

बाबा गेले, हे मला त्याला सांगता येईना. मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. दुसऱ्या कुणाला लावणार?

"हे बघ घर," मी म्हणाले.

"दाखव, दाखव. तो नाही तर मी बघते. मला नळातलं काही कळत नाही हं, आधीच सांगते." मी फोन फिरवला. आत्याचा चष्मा पडद्याजवळ आला. "अगंबाई, दोन खोल्या! म्हणजे आहे तर."

"कोण?"

"आता माझ्यापासून कशाला लपवतेस? तुझ्या बापानं कधीच ओळखलं होतं. पोरगी एकटी आणि हट्ट दोन खोल्यांचा! मला म्हणाला, जावई शोधलाय बहुतेक, पण तू विचारू नकोस, सांगेल तिची ती. म्हणून तर एवढी घरं नाकारत बसला. जावयाला अंघोळीला धड पाणी मिळालं नाही तर काय म्हणेल, म्हणायचा."

मी फोन दुसऱ्या खोलीच्या दारात नेला.

"खूश होता गं. रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, आज हे घर बघितलं, आज ते. एवढा बोलताना त्याला वहिनी गेल्यापासून मी बघितलं नव्हतं. रागावला नव्हता हो तुझ्यावर. कोण आहे तो? चांगला आहे ना?"

"कुणी नाही, आत्या."

"मग ही खोली कुणाची?"

"बाबांची."

"काय? पाण्याचा केवढा आवाज येतोय! मोठ्यानं बोल."

किल्लेदार नळ बंद करायला वळला. मी त्याला हातानं थांबवलं.

"बाबांची खोली आहे ही!" मी म्हणाले. रिकाम्या घरात माझा आवाज फार मोठा झाला. "मला त्यांना इकडे आणायचं होतं, आत्या. मला ते इथं हवे होते, माझ्याजवळ. मी त्यांना विचारलंच नाही."