निळ्याखालचा लाल

आमचे हे रिटायर झाले आणि मोशीच्या आमच्या दोन खोल्यांचं पार गॅरेज झालं. माळ्यावर गंजत पडलेली, लग्नात मिळालेली रेसर सायकल यांनी खाली काढली. ब्रेक जुन्या बाजारातले, टायर तेवढे नवे. चाकणला माझ्या भावाला, कोंडीरामला, चालवत नेऊन दाखवायची हौस. सासऱ्यानं कोरी करकरीत दिलेली वस्तू मी अजून जपलीय, असं आल्यागेल्याला सांगत सुटले होते. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

पॉलिश पेपरनं निळा रंग घासला, तर खालून लाल निघाला. नव्या सायकलीला दोन रंग कसे, म्हणून मलाच विचारायला लागले.

"कोंडीरामची हाय ती," मी म्हणाले. "तुमी रुसला होता न्हवं?"

साखरपुड्याच्या पंगतीत हे ताटाला हात लावेनात. लग्नात रेसर सायकल पाहिजे म्हणजे पाहिजे. आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, नवी झेपत नव्हती. मग कांदा मार्केटात गोण्या उचलून घेतलेली स्वतःची लाल सायकल कोंडीरामनंच निळी केली आणि हार घालून मांडवात उभी केली. जत्रेतल्या सायकल शर्यतीत तो पुन्हा कधी उतरला नाही. मला सगळं ठाऊक होतं. नवरीनं बोलायचं नसतं म्हणून तेव्हा गप्प बसले, पुढं गप्पच राहिले.

यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकल पुन्हा लाल केली. पहिल्यांदा रंगाचे ओघळ आले, तर सगळा खरवडून परत मारला. पण तिच्यावर बसायला काही तयार होईनात. शेवटी ओळखीच्या टेम्पोत घालून चाकणला नेली.

कोंडीराम शिफ्ट करून नुकताच आला होता. लाल रंग बघून जागीच थांबला. यांनी मान खाली घालून हँडल त्याच्यापुढं केलं. "तुझी तुला घे. माझं चुकलं."

त्यानं हात मागं घेतला. "दाजी, जावयाला दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत न्हाई."

रागावला असता तर बरं झालं असतं. चहा पाजला, सायकल स्वतःच टेम्पोत चढवली, रंग घासू नये म्हणून खाली पोतं घातलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आक्का, सांगितलंस कशाला? मी तुझ्यासाठी दिली होती."

मला तोंड वर करता येईना. त्यानं मनापासून दिलेलं, आणि मी ते रागाच्या भरात नवऱ्याच्या तोंडावर फेकलं होतं.