मोठ्या ढोलाचं कातडं

उस्तादांना अख्खी गल्ली उस्ताद म्हणायची, थोडं मानानं आणि थोडं गमतीनं. तरुणपणी ते लग्नांत, नाचगाण्यांच्या कार्यक्रमांत ड्रम वाजवायचे. पुढे मनगट धरायला लागलं, तेव्हा वाजवणं सोडून त्यांनी वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात सदैव भिजत घातलेल्या कातड्याचा वास. वर बायको. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधायची, म्हणून तिला सगळे मावशी म्हणत.

या मावशींनी तीस वर्षं एकच तक्रार केली होती. "अहो, पुरे ती ठोकठोक! डोकं उठलंय माझं." त्यांच्या धाकापायी उस्ताद घरात ड्रमवर टॉवेल टाकून सराव करायचे. म्हणून जे झालं ते त्यांना जास्तच झोंबलं.

झालं असं. शहरात बरीच जपानी कुटुंबं होती. दर वसंतात चेरीची झाडं फुलली की मोठ्या बागेत त्यांचा उत्सव भरायचा. कागदाच्या घड्या घालून पक्षी करायचे, कुंचल्यानं अक्षरं लिहायची, चहाचा सोहळा, आणि शेवटी ढोलवादन. ढोलाचं पथक एक जपानी बाई चालवायच्या. अंगानं चिमणीएवढ्या, पण आवाज कंडक्टरचा. त्यांना सगळे सेन्सेई म्हणत, म्हणजे आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणतात तसंच. पथकात निम्मे लोक जपानी, निम्मे इतर.

मागच्या हिवाळ्यात सेन्सेईंचा एक ढोल दुरुस्तीला आला. तो परत करायच्या दिवशी उस्ताद तापानं फणफणले होते, म्हणून मावशी पोचवायला गेल्या. सरावाचा हॉल होता. सेन्सेईंनी त्यांचे खांदे पाहिले. वीस वर्षं मोठमोठ्या पातेल्यांत पळी फिरवून कमावलेले खांदे ते. त्यांनी मावशींच्या हातात दोन काठ्या दिल्या आणि म्हणाल्या, "मारा."

मावशी संध्याकाळी घरी आल्या त्या तळहात लालबुंद करून.

"काय गं, भाजलं का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. असं हसणं उस्तादांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. निदान त्यांच्यामुळे तरी नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मावशी सरावाला. घरी आल्या की कणीक तिंबताना ताल, भाजी चिरताना ताल. समोरचा न्हावी एकदा डोळा मिचकावून म्हणाला, "उस्ताद, वहिनी हल्ली फार खुशीत दिसतात. लक्ष ठेवा बरं!" उस्ताद हसले, पण त्यांना वाटलं, कुणी परपुरुष असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. ढोलाशी काय भांडायचं?

एका शनिवारी ते छत्री द्यायचं निमित्त काढून हॉलवर गेले. दाराशी उभे राहिले. आत मोठ्या ढोलासमोर मावशी एकट्या, पथकातले बाकीचे भिंतीला टेकून बसलेले. तो ढोल त्यांच्या छातीएवढा, आडवा टांगलेला, दोन्ही तोंडांची कातडी जाड दोरीनं एकमेकींना ताणून बांधलेली. मावशींनी एक टोला दिला. मग थांबल्या. किती थांबल्या! उस्तादांच्या बोटांना नकळत मधल्या जागा भरायची घाई झाली. मावशींना नव्हती. तो टोला हॉलमध्ये पूर्ण विरू दिला आणि मगच दुसरा दिला.

हॉलमधल्या बाकीच्यांना तो नुसता मोठा आवाज होता. उस्तादांना मात्र सगळं कळलं. आयुष्यभर त्यांच्या हाताला असं थांबणं कधी जमलं नव्हतं. बँडमधले लोक म्हणायचे, "उस्ताद, जरा दम धरा!" आणि ज्या बाईनं तीस वर्षं कानावर हात ठेवले, तिला ते चार महिन्यांत आलं होतं. छत्री दाराला टेकवून ते न बोलताच परत आले. पोटात कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं होतं.

त्या रात्री जेवताना मावशी म्हणाल्या, "उत्सवात मोठा ढोल मला दिलाय. एकटीला. तीन मिनिटं."

"हं," उस्ताद म्हणाले. "आमटीत मीठ कमी आहे."

आमटीत मीठ बरोबर होतं.

उत्सव शनिवारी. गुरुवारी मोठा ढोल दोऱ्या ताणून घ्यायला दुकानात आला. उस्तादांनी सवयीनं कातड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो एका जागी थांबला. दोरी ओवायच्या एका भोकापासून आत, केसाइतकी बारीक चीर गेली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. नवं कातडं चढवून वाळायला आठवडा लागतो, हे खरं. पण तेव्हाच फोन केला असता तर शेजारच्या शहरातल्या पथकाकडून दुसरा ढोल येऊ शकला असता. दोन दिवस हातात होते.

उस्तादांनी फोन उचलला आणि परत ठेवला. दोऱ्या ताणल्या. गाठी पक्क्या केल्या. ढोल न्यायला आलेल्या माणसाला म्हणाले, "झालं."

दोन दिवस ते स्वतःला समजावत राहिले. कदाचित टिकेल. कातड्याचं काय सांगावं? पण मनाच्या तळाशी एक चित्र होतं आणि त्यांना ते सारखं काढून पाहावंसं वाटे: भर कार्यक्रमात कातडं फाटतंय आणि मावशी काठ्या हातात घेऊन तशाच उभ्या आहेत.

शनिवारी बाग माणसांनी भरली होती. झाडं गुलाबी-पांढऱ्या फुलांनी वाकलेली, वाऱ्यासरशी पाकळ्या पोरांच्या डोक्यांवर पडत होत्या. उस्ताद मंचामागच्या तंबूत गेले. मावशींनी निळा अंगरखा घातला होता, कपाळाला पट्टी बांधली होती. पन्नाशी उलटलेली आपली बायको त्यांना एकदम अनोळखी आणि देखणी दिसली. त्याचाही त्यांना राग आला.

मावशींनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "धरा हा. बरं झालं आलात. पाय लटपटतायत माझे."

"एवढं काय त्यात," उस्ताद म्हणाले.

"ढोलाची मात्र मला काळजी नाही. सेन्सेई विचारत होत्या, ताण सहन करेल ना म्हणून. मी म्हटलं, यांच्या हाताखालून गेलेलं वाद्य दगा द्यायचं नाही."

उस्ताद चष्म्याकडे बघत राहिले. त्यांनी तो उगाच सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "त्याला चीर आहे."

"कशाला?"

त्यांनी मावशींचा हात धरून ढोलाकडे नेला आणि बोट त्या भोकापाशी टेकवलं. बोट चिरेवरून हळूच गेलं. गुरुवारपेक्षा ती लांबली होती.

"कधी दिसली?" मावशींनी विचारलं.

"गुरुवारी."

बाहेर कुणीतरी माइकवरून पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगत होतं. मावशींनी बोट चिरेवरून उचललं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी बोलला असतात तर दुसरा ढोल आला असता. आज गप्प बसला असतात तर निदान फाटेपर्यंत तरी वाजवला असता. नेमकी अशी वेळ शोधलीत, की मी वाजवणारच नाही आणि तुम्ही खरं बोलल्याचं पुण्यही पदरात पडेल."

उस्तादांना हे सुचलंच नव्हतं. पण ऐकल्यावर, ते खोटं आहे असं त्यांना छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

मावशी सेन्सेईंकडे गेल्या. एवढंच म्हणाल्या, "कातडं गेलंय." सेन्सेईंनी येऊन अंगठा फिरवला, मान हलवली आणि मोठा ढोल बाजूला ठेवायला सांगितलं. लहान ढोलवाले वाजवतील. मावशींच्या हातात एक पितळी झांज आणि बारीक दांडी आली. ताल धरायला, अगदी कडेला उभं राहून.

उस्ताद गर्दीत उभे राहिले. जे हवं होतं ते मिळालं होतं. ढोल घुमत होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि उस्तादांचं लक्ष फक्त कडेच्या त्या किणकिणीकडे. ती कुठेही चुकली नाही. लहान ढोलवाले मध्येच लय सोडून पुढे पळायला लागले, तर त्या एवढ्याशा आवाजानं त्यांना दोनदा धरून जागेवर आणलं. जळण्यासारखं तिथंही होतंच.

नंतरचे दहा दिवस मावशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर परगावी राहणाऱ्या लेकीला फोन करत, आणि लेक खाली दुकानात फोन करी: "बाबा, आई म्हणते, गॅस संपलाय. आणि तुमचं नेमकं काय झालंय?" मोठा ढोल दुकानात परत आला होता आणि उस्ताद त्याच्या नव्या कातड्याचं काम घेऊन बसले होते. भिजवलं, खरवडलं, लोखंडी कड्याभोवती शिवलं. इतकं बारीक काम त्यांनी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

अकराव्या दिवशी सेन्सेई दुकानात आल्या. मावशी जिन्यात उभ्या होत्या. सेन्सेईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि सुरेख कागदात गुंडाळलेली एक डबी पुढे केली.

"तुम्ही वेळेवर पाहिलंत," त्या म्हणाल्या. "नाहीतर मंचावर फाटलं असतं. आभार."

म्हणजे मावशींनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. उस्तादांनी जिन्याकडे पाहिलं. मावशी भिंतीकडे बघत होत्या. डबी घेतली असती तर तिथल्या तिथे विषय मिटला असता.

"मी घेऊ शकत नाही," उस्ताद म्हणाले. "मला गुरुवारीच दिसलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही."

सेन्सेईंचा हात तसाच पुढे राहिला. "का?"

उस्ताद डबीकडे बघत म्हणाले, "ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते म्हणून."

जिन्याची पायरी करकरली. सेन्सेईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, अंदाज घेतल्यासारखं. मग डबी परत पिशवीत ठेवली.

"हो," त्या म्हणाल्या. "वाजवते. आता कातडं नीट ताणा." आणि निघून गेल्या.

मावशी खाली आल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलल्या. "हे तुम्हाला माझ्या तोंडावर बोलता आलं नसतं का?"

"नसतं आलं."

"माझी तीन मिनिटं गेली ती गेलीच. ती मी विसरणार नाही, सांगून ठेवते."

"विसरू नकोस," उस्ताद म्हणाले.

पुढच्या शनिवारी ढोल पोचवायला दोघं गेली. हॉल रिकामा होता. उस्तादांनी ढोल टांगला, दोऱ्या पाहिल्या आणि निघायला वळले.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "ऐका आणि खरं सांगा, कुठं कमी पडतं ते."

त्यांनी वाजवलं. उस्ताद ऐकत होते. पोटातला निखारा जागच्या जागी होता. पण त्यांना एक चूकही दिसली, जी सेन्सेईंच्याही ध्यानात आली नसावी. ती तशीच राहू दिली असती तर कुणालाही कळलं नसतं.

"टोल्याआधी उजवा खांदा वर घेतेस," ते म्हणाले. "तो खाली सोड. वजन आपोआप येईल."

मावशींनी खांदा सोडला आणि पुन्हा काठी उगारली. या वेळी आवाज इतका खोल आला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"असं?" त्यांनी विचारलं.

"असंच," उस्ताद म्हणाले. मग खुर्ची ओढून ते तिथेच बसले.