वरखाली होणारे टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. व्याकरणात मी ‘ते टेबल’. त्यामुळे ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही. तूर्त ‘आलो’ म्हणतो. चुकत असेन तर सांभाळून घ्या.

एका फिटरने मला बनवले. माझ्या पायांत लांब स्क्रू आहेत आणि कुशीला एक हँडल. ते फिरवले की मी वर जातो, उलटे फिरवले की खाली येतो. एवढीच माझी विद्या. मी तयार झालो तेव्हा फिटर बायकोला म्हणाला, “याला समोरच्या माणसाप्रमाणे बदलता येतं.”

“मग तुमच्यापेक्षा बरंय,” ती म्हणाली.

हे माझे कौतुक होते की त्यांचे घरगुती भांडण, मला अजून कळलेले नाही.

मला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आणले ते तिथल्या समता समितीने. विभागात एक विद्यार्थिनी चाकांच्या खुर्चीवरून येई. प्रयोगशाळेतली टेबले तिच्या हनुवटीला लागत. म्हणून तिची मैत्रीण उपकरणावर वाकून व्हर्नियर मोजपट्टीवरचे आकडे वाची आणि ही मांडीवरच्या वहीत ते उतरवून घेई. प्रात्यक्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि तिथे मैत्रीण चालणार नव्हती. त्याआधी तिला स्वतःच्या डोळ्यांनी मोजायला शिकायचे होते.

मी आलो आणि समितीला प्रश्न पडला, माझी उंची किती ठेवायची? शास्त्रज्ञच ते. त्यांनी विभागातल्या सगळ्यांची उंची मोजली. झाडलोट करणाऱ्या मावशींची मोजली, पत्रे द्यायला आलेल्या टपालवाल्याचीही मोजली. सरासरी काढली, दशांशचिन्हापुढे तीन आकड्यांपर्यंत. खुर्चीतल्या मुलीचा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडत होता, म्हणून तो शास्त्राच्या नियमाने वगळला. मग त्या सरासरी माणसाला सोयीचे जाईल तितके मला वर नेले आणि विभागप्रमुखांनी हँडल काढून आपल्या कपाटात ठेवले.

“समतेत वरखाली चालायचं नाही,” ते म्हणाले. “आता सगळ्यांना एकच उंची.”

“सर,” मावशी म्हणाल्या, “तो टपालवाला टाचा उचलून उभा होता हो.”

गणित पुन्हा झाले. मी अर्ध्या केसाएवढा खाली आलो.

माझा फोटो सूचनाफलकावर लागला. मात्र उंच प्राध्यापकांची माझ्यावर वाकून कंबर धरली, आणि मला पुसायला मावशींना स्टूल लागू लागले. ती मुलगी तर होती तिथेच राहिली. काहीतरी बोलावे असे फार वाटे. पण टेबलाने मध्ये बोलावे का, याची खात्री नव्हती.

एक महिना असाच गेला. मग एके दिवशी विभागप्रमुखांनी तिची वही तपासायला घेतली आणि चष्मा वर केला.

“हे काय लिहिलंयस? ‘मोजणारी : मैत्रीण. वाचणारी : मैत्रीण. अक्षर : माझे.’”

“सर, वहीत खरंच लिहायचं असतं ना?”

विभागप्रमुखांनी मावशींचे बुटके स्टूल ओढले. तिच्याशेजारी बसून त्यांनी मान ताणली.

“मला तर उपकरणाचं नुसतं बूड दिसतंय.”

“चांगलं आहे की, सर. मला महिनाभर तेच पाठ आहे.”

ते उठून हँडल घेऊन आले. एका हाताने फिरवू लागले, दुसऱ्या हाताने खिशातला कॅल्क्युलेटर काढू लागले.

“सर, तो राहू द्या. मी म्हणेन तिथे थांबा.”

मी करकरत खाली आलो. “अजून. अजून थोडं. बास,” ती म्हणाली आणि मोजपट्टीवरच्या भिंगाला डोळा लावला. मग तिने आकडा लिहिला.

विभागप्रमुखांनी तो मोजपट्टीशी ताडून पाहिला. “चुकलंय.”

मैत्रीण धावली. “थांब, मी बघते.”

“हात लावू नकोस,” ती हसत म्हणाली. “आयुष्यातली पहिली चूक आहे माझी. मीच काढणार.”

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी तुमच्याकडे असेल तर त्याच्या स्क्रूला अधूनमधून तेल द्या, आणि फिरवताना पुढ्यात बसलेल्या माणसाला ‘पुरे का?’ असे विचारत जा. त्या मुलीने त्या दिवशी तोच आकडा सात वेळा घेतला. सहा वेळा चुकला.