त्रेचाळीस निळे कोट

वजन उतरवणाऱ्या भुकटीचे डबे विकणाऱ्या कंपनीत ‘सिल्व्हर’ पद मिळालं की निळा कोट शिवायचा, असा नियम होता. तोही पदरच्या पैशानं. गावात नेटका कोट शिवणारी शिंपीण एकच, त्यामुळे वर्षभरात बेचाळीस कोट तिच्याच मशीनखालून गेले. त्रेचाळिसावा निघाला तिच्या सख्ख्या जावेचा.

जाऊ बारा वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त काढायची. सुई अशी टोचायची की तान्ही पोरंसुद्धा रडायचं विसरत. आता ती नोकरी सोडणार होती. रविवारच्या सभेत, स्टेजवर उभं राहून राजीनामा मोठ्यानं वाचायचा. कंपनीत त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडत.

“अगं, आधी डबे तरी खपू देत,” शिंपीण तिच्या खांद्याला टेप लावत म्हणाली.

“डबे खपवायचे नसतातच ताई. माणसं जोडायची. माझ्याखाली सहा, त्या सहांखाली सहा-सहा.”

“आणि ती भुकटी पितं कोण?”

“तुम्ही ना, नेहमी खुसपट काढता. हात खाली करू?”

“कर. कंबर दोन बोटं उतरलीय तुझी. भुकटीनं की काळजीनं?”

जावेनं पिशवी उचलली आणि चप्पल पायात सरकवली.

ती गेल्यावर शिंपिणीनं माप लिहायला वही उघडली, आणि मागची पानं चाळत बसली. बेकरीवाली. पोस्टमनची बायको. शाळेच्या दोन्ही बाई. पार्लरवाली आणि तिची सासू. पूर्वी या बायका रस्त्यात भेटल्या की तासभर हलत नसत. हल्ली एकमेकींना बघून फुटपाथ बदलत. ‘डबा घेतेस का’ असं सगळ्यांचं सगळ्यांना विचारून झालं होतं.

रविवारी सभागृह भरलं; शिंपीणही जावेसाठी येऊन बसली. गुळगुळीत गालांचा लीडर माईकवर म्हणाला, “राजीनाम्याआधी आपल्या कोटवाल्या ताईंना वर बोलावू या. त्याही आज आपल्या परिवारात येताहेत.”

शिंपिणीला हे कुणी विचारलं नव्हतं. पण ती वर गेली. जाऊ राजीनाम्याचा कागद धरून उभी होती. खाली बघितलं तर रांगारांगांत तिनंच शिवलेले निळे कोट; सभागृह कसलं, तिचं दुकानच मांडून ठेवलेलं.

“मला भाषण येत नाही,” शिंपीण म्हणाली. “एकच विचारते. मी ज्याचं माप घेतलं नाही, अशा कुणाला तुम्ही डबा विकला असेल तर हात वर करा.”

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मागून पोस्टमनचा हात वर झाला. “मी घेतलाय. बायकोकडून.”

“पैसे दिलेत?”

“घरात कोण देतं?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“मग डबे आहेत कुठे?”

“पलंगाखाली,” एक जण पुटपुटली.

“आमच्याकडे तर पाहुण्यांना बसायला देतो,” पार्लरवालीची सासू म्हणाली, आणि हसू रांगारांगांतून पसरत गेलं. वर्षभर जो तो समजत होता, आपल्यालाच विकता येत नाही.

“ताई, हे नकारात्मक विचार...” लीडर पुढे सरकला.

“नकारात्मक कसले साहेब? तुमच्यामुळे माझी वही भरली. पण आता गावात माप घ्यायला खांदा उरला नाही. माझ्या जावेनं सहा जण आणायचे कुठून? तुम्ही माणसं दाखवा, मी कापड बेतते.”

लीडरनं घड्याळ पाहिलं. त्याला म्हणे पुढच्या गावी सभा होती.

“जा की,” बेकरीवाली दारात जाऊन उभी राहिली. ती उभी राहिली की दार दिसत नसे. “न उघडलेला माल परत घेऊ, असं तुमच्याच कागदावर आहे. गाडी मोठीच आहे तुमची.”

टाळ्या पडल्या. राजीनाम्याला पडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त.

जावेनं लीडरच्या खिशातलं पेन काढून घेतलं. राजीनामा उलटा करून टेबलावर पसरला, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि रोज सकाळी लॅबच्या खिडकीतून येतो त्या आवाजात म्हणाली, “एकेक जण या. नाव सांगा, आणि किती डबे. गर्दी करू नका, मला उद्या सातची ड्युटी आहे.”