दोनदा हुकणारी बरणी

मी एक जुनी बरणी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. म्हाताऱ्या भांड्यांनी शांत असावं असं लोक म्हणतात. त्या लोकांना आयुष्यभर कोणी हवेत फेकलेलं नसतं.

तुम्ही मला चिनी मातीची बरणी म्हणाल. आमच्याकडे सगळीच माती चिनी, म्हणून नुसतं बरणी म्हणतात. तुमच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरणीएवढी मी लहान नाही. दोन वर्षांचं गुटगुटीत मूल कडेवर घेतलं तर जेवढं जड लागेल, तेवढी मी जड आहे. पोट गोल, मान आखूड, तोंड रुंद आणि अंगावर निळ्या रंगाची वेल. वेल काढणाऱ्या कारागिराला भट्टी लावायची घाई होती, त्यामुळे एका बाजूची पानं काढायचीच राहून गेली. त्यावरून मला पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं आहे. जणू ती मीच पुसली.

भट्टीतून निघाले ती बैलगाडीतून वूच्याओ तालुक्यात, हाओ यांच्या घरी आले. तिथं हिवाळाभर माझ्या पोटात कोबीचं लोणचं मुरत असे. मला ते काम आवडायचं. अंधार, गारवा आणि कोणाची कटकट नाही. पण वूच्याओमध्ये रिकामं भांडं फार काळ जमिनीवर राहत नाही. शेतातली कामं उरकली की या गावची माणसं बाक, शिडी, वाडगे, जे हाती लागेल ते डोक्यावर तोलत बसतात. हाओंचा मोठा मुलगा देमाओ तर वसंत येण्याची वाटसुद्धा बघत नसे.

त्याची आई ओरडायची, "अरे, आत लोणचं आहे."

"थोडंच उरलंय, आई."

"मग आधी ते खा आणि मग फेक. लोणच्यासकट फेकलीस तर तुलाच कोबीसारखा चिरीन."

देमाओ लोणचं खायचा आणि मला फेकायचा. अशी मी खेळात आले. माझं मत कोणी विचारलं नाही.

पुढे देमाओ मोठा खेळगडी झाला. लोक त्याला हाओ वस्ताद म्हणू लागले. खळ्यावर माणसांचं कडं पडायचं, मध्ये तो आणि मी. खेळाआधी तो मला प्रेक्षकांत फिरवायचा. शेतकरी मला टिचकी मारून बघायचे, माझ्यात डोकावायचे, मी कागदाची तर नाही ना याची खात्री करून घ्यायचे. मग तो मला उंच उडवून कधी मानेवर, कधी पाठीवर झेलायचा. शेवटी माझ्या बुडाची नुसती कड त्याच्या कपाळावर टेकायची आणि मी तिरकी उभी राहायचे. मध्ये चुंबळ नाही, काही नाही. तेव्हा खळ्यावरून "वा" असा जो आवाज उठायचा, त्यानं माझ्या पोटात घुमायला व्हायचं. ते दिवस चांगले होते.

या शेवटच्या कसरतीची एक जुनी रीत आहे. दोनदा हुकायचं आणि तिसऱ्यांदा साधायचं. पहिल्या फेकीला मी कपाळावरून निसटते, खेळगडी मला छातीशी झेलतो, लोक हळहळतात. दुसऱ्या फेकीलाही तसंच. तिसऱ्यांदा मी कपाळावर टेकते तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडतो. ते दोनदा हुकणं मुद्दाम असतं. वस्ताद शिष्यांना सांगायचे, "साधणं कोणीही शिकेल. हुकायला जास्त वर्षं लागतात. आणि तिसऱ्यांदा साधल्याशिवाय खेळ सोडून उतरायचं नाही. चेहऱ्यावरचं हसू तर मुळीच उतरू द्यायचं नाही."

त्यांची सगळ्यात चांगली शिष्या दोंग रुइलान. वस्तादांची मान थकली तेव्हा मी तिच्याकडे आले. तोवर खळी गेली होती आणि तालुक्याच्या गावी प्रवाशांसाठी मोठं सभागृह झालं होतं. तिथले व्यवस्थापक फान साहेब. भला माणूस, पण सगळ्या जगाला उशीर होतोय अशी त्याची समजूत.

मित्रांनो, प्रवासी मंडळींबद्दल मला राग नाही. पण ते आपल्या डोळ्यांनी का बघत नाहीत? मी हवेत असते आणि खाली अंधारात माणसांऐवजी मोबाइलचे चौकोन चमकत असतात. त्यातला एखादा नेमका मी खाली येताना रुइलानच्या डोळ्यांवर लखकन उजेड मारतो. दारात पाटी लावली आहे, उजेड पाडू नका. तिचेही फोटो काढतात. मग सूर्यफुलाच्या बिया. सभागृहभर कटकट, कटकट, जणू काही उंदरांना आमंत्रण होतं. आता मला कोणी टिचकी मारून बघत नाही. मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणतो, "प्लास्टिकची असेल." माझा जीव जळतो.

पण या सगळ्यांपेक्षा मला छळलं ते पेई नावाच्या वाटाड्या मुलीनं. हातात छोटा झेंडा, गळ्यात भोंगा, अंगात उत्साह. तिच्या बसमधली एक आजी एकदा रुइलान हुकलेली बघून रडली होती. झालं. तेव्हापासून पेई बसमध्येच सांगून टाकायची, "पुढे बरणीवाली बाई येईल. ती दोनदा हुकेल. घाबरू नका, ते नाटक असतं. तिसऱ्यांदा टाळ्या वाजवा." आता सांगा, वस्तादांनी एवढी वर्षं घासून तयार केलेली गोष्ट हिनं रस्त्यावर शेंगा वाटाव्यात तशी वाटून टाकली. रुइलान हुकायची आणि लोक शहाण्यासारखे हसायचे. फान साहेबांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, "हसतायत ना? मग झालं."

ऑक्टोबरची मोठी सुट्टी होती. बसवर बस येत होत्या आणि खेळावर खेळ होत होते. रुइलानची मान आठवडाभर आखडली होती. मला ते ठाऊक होतं, कारण मी मानेवर उतरले की तिचा श्वास अडकायचा. तिनं कोणाला सांगितलं नाही. विंगेत वस्ताद गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसलेले असायचे. त्यांनी विचारलं, "काय गं, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय, वस्ताद," ती म्हणाली आणि हसली. ते हसूही त्यांनीच शिकवलेलं.

त्या दुपारी पहिल्या रांगेत हूनानहून आलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या. एक ओयांग मावशी आणि दुसरी त्यांची नणंद. ओयांग मावशी बसमध्ये सगळी वाट घोरत आल्या होत्या, त्यामुळे पेईचं भाषण त्यांना ठाऊकच नव्हतं. मला बघताच त्या नणंदेला म्हणाल्या, "अगं, ही तर लोणच्याची बरणी. हे बघायला एवढ्या लांब आणलंस? घरी मोरीशेजारी दोन पडल्यात."

"वहिनी, जरा गप बसा. लोक बघतायत."

"लोकांनी तिकडं बघावं. मला काय बघायचंय."

मला त्यांचाही राग आला. मोरीशेजारी म्हणे.

वाजंत्री थांबली, नुसता ढोल घुमू लागला. रुइलाननं मला वर फेकलं. मी फिरत वर गेले आणि खाली येऊन तिच्या कपाळावर टेकले. त्याच क्षणी तिच्या मानेत काहीतरी तुटल्यासारखा झटका बसला. मी निसटले.

मुद्दाम हुकताना तिचे तळहात आधीच माझी वाट बघत असतात. या वेळी खाली हात नव्हता. मी तिच्या खांद्यावरून घरंगळले, तिनं गुडघा पुढे करून मला कसंबसं अडवलं, पण माझी कड फळीवर आपटली आणि एक टवका उडाला. ती एका हातानं मला सावरत उभी राहिली. डावा हात नुसता लोंबत होता. आणि चेहऱ्यावर हसू.

सगळं सभागृह हसलं. "एक झालं," मागून कोणीतरी मोजलं. पेई कौतुकानं म्हणाली, "बघा, किती खरं वाटतं." विंगेत वस्तादांनी मान डोलावली आणि फान साहेबांना म्हणाले, "आज पोरीनं काय हुकवलंय. मलाही जमलं नसतं असं." ज्यांनी तिला हुकायला शिकवलं, त्यांनाही ओळखता आलं नाही.

मला माझ्या तोंडाचा एवढा संताप कधी आला नव्हता. एवढं रुंद तोंड, पण त्यातून एक शब्द निघेल तर शपथ. ढोल पुन्हा घुमू लागला. रुइलान एका हातानं मला उचलू पाहत होती. अजून दोनदा फेकायचं होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "अगं पोरी, थांब. तुला लागलंय."

"वहिनी, खाली बसा. नाटक असतं ते. बसमध्ये सांगितलंय त्या मुलीनं."

"कोणी सांगितलं? मला नाही कोणी सांगितलं."

"तुम्ही घोरत होतात."

"बरं झालं घोरत होते," असं म्हणत ओयांग मावशी बियांची पुडी नणंदेच्या मांडीवर टाकून उठल्या आणि बाजूच्या पायऱ्यांनी सरळ वर आल्या. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच विनोद. टाळ्या सुरू झाल्या. मावशींनी येऊन मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि माझ्यासकट जमिनीवर फतकल मारली.

रुइलान हसत, ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, बरणी द्या. खेळ अजून व्हायचाय."

"नाही देत. आधी डाव्या हाताची मूठ वळून दाखव."

"मावशी, लोक बघतायत."

"बघू दे. मूठ वळ."

रुइलाननं हाताकडे पाहिलं. बोटं थोडी थरथरली. मूठ काही वळेना.

मावशी आता हळू बोलत होत्या. "माझा नवरा गोदीत पोती वाहायचा. मानेची शीर दबली तेव्हा त्याचीही मूठ अशीच वळेना. तोही हसतच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोतं घेतलं. तो हात मग कधी उठलाच नाही."

फान साहेब विंगेतून हात हलवत होते, म्हातारीला उतरवा, बस सुटायचीय. लोक हसून बेजार झाले होते. मित्रांनो, मी खूप टाळ्या ऐकल्या आहेत, पण त्या टाळ्यांइतक्या मूर्ख टाळ्या मी ऐकल्या नाहीत.

वस्ताद मात्र थर्मास खाली ठेवून बाहेर आले. त्यांनी मावशींकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. रुइलानचा डावा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"उतर," ते म्हणाले.

"वस्ताद, तिसऱ्यांदा साधल्याशिवाय उतरायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय ना? मग मीच सांगतोय. उतर." मग ढोलवाल्याला थांबवून ते लोकांकडे वळले. "मंडळी, पोरीला लागलंय. खेळ संपला."

लोक थोडा वेळ हसतच राहिले. त्यांना वाटलं, आता म्हातारा काहीतरी करून दाखवेल. मग हसू विरत गेलं. बियांचा आवाज थांबला. कोणीतरी मोबाइल खाली घेतला. त्या शांततेत रुइलानच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि ती वस्तादांच्या खांद्याला धरून रडली.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्यात शीर दबली आहे. आणखी एक झेल घेतला असता तर हात कायमचा गेला असता. हिवाळाभर तिच्या गळ्याला पट्टा होता. सभागृहात फान साहेबांनी खरोखरच प्लास्टिकची बरणी आणली, माझ्यासारखीच वेल रंगवून. तिची पानं सगळी जागेवर आहेत. मी त्याबद्दल काही बोलणार नाही.

मला वस्तादांच्या तालमीच्या अंगणात आणून ठेवलं. मी कोपऱ्यात धूळ खात होते. एकदा तर कोणीतरी माझ्यात झाडू उभा करून ठेवला. बोलावं तरी कोणाला?

आता रुइलान तिथं लहान मुलींना शिकवते. उंच फेकी ती घेत नाही. परवा एक मुलगी हातातली छोटी बरणी पायावर पाडून बसली आणि मोठ्यांचं बघून लगेच हसली.

रुइलान तिच्यासमोर उकिडवी बसली. "हसू नकोस. दुखलं का, ते सांग."

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"खूप दुखलं."

"मग आज बस. आणि तुम्ही बाकीच्या काय उभ्या राहिलात? पाणी आणा तिला."

वस्ताद ओट्यावरून बघत होते. जुन्या दिवसांत असं कोणी खेळ थांबवला असता तर ते छडी घेऊन उठले असते. ते उठले, पण मुलीसाठी बसायला पाट आणायला.

मित्रांनो, तुम्हीही कधी प्रवासाला जाल, कुठंतरी बसून कोणाचा तरी खेळ बघाल. खेळच कशाला, शाळेच्या मैदानावर, जिन्यात, बाजारातही माणसं पडतात आणि पडून हसतात. टाळी वाजवण्याआधी विचारत जा, लागलं का म्हणून. ते नाटक निघालं तर फार तर लोक तुम्हाला हसतील. ओयांग मावशींना सगळं सभागृह हसलं होतं. आणि तुम्हाला लागलं असेल तर चेहरा सांभाळत बसू नका, सांगून टाका.

काल ऊन चांगलं होतं. रुइलाननं माझ्यातला झाडू काढून फेकला, मला नळाखाली नेलं आणि आतून-बाहेरून घासून काढलं. टवका उडालेल्या कडेवरून तिनं जपून बोटं फिरवली. मग मला उचलून उन्हात ठेवलं. दोन्ही हातांनी.