न विचारलेला प्रश्न

आभा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत आभा टूथपेस्टचे खोके उलटसुलट करत बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, रोज घ्यायच्या गोळ्या मिळतील का? मूल नको म्हणून."

कादंबरी पनवेलच्या त्या मेडिकलमध्ये आठ वर्षं फार्मासिस्ट होती. तिनं विचारलं, चिठ्ठी आहे का. नव्हती.

"आमच्या डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या आहेत," आभा म्हणाली. "चिठ्ठी मागितली तर संध्याकाळपर्यंत घरी कळेल. पहिल्या बाळंतपणात रक्तस्रावानं मी मरता मरता वाचले. आता परत दुसरं हवंय सगळ्यांना. निनादला, माझ्या नवऱ्यालाही."

कादंबरीला नाही म्हणता आलं नाही. वय विचारलं, एकतीस. बीपी नाही, सिगारेट नाही. डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकतं का, तेही नाही. मग तिनं पाकीट उघडून दाखवलं. "एकवीस गोळ्या, रोज ठरावीक वेळी. हिच्यामुळे बीजांड सुटतच नाही, म्हणून दिवस राहत नाहीत. एकवीस संपल्या की सात दिवस सुट्टी, तेव्हा पाळी येईल. आठव्या दिवशी नवं पाकीट. एखादी चुकली तर आठवताक्षणी घ्यायची. दोन चुकल्या तर सात दिवस निरोधही वापरायचा."

"निरोध म्हटलं की निनाद कारण विचारेल," आभा कसनुसं हसली. पाकीट तिनं सॅनिटरी पॅडच्या पुड्यात सरकवलं. घरात तिथं कुणी हात घालत नाही, म्हणाली.

तिसरं पाकीट नेऊन आठवडा झाला असेल, एका दुपारी निनाद आला. जासईला कंटेनर यार्डात तो सुपरवायझर होता. आभाचा नवरा म्हणून कादंबरी त्याला चेहऱ्यानं ओळखत होती.

"पाय दुखण्यावर चांगलं मलम द्या मॅडम. बायकोची पोटरी धरलीय. आई तेल लावून चोळतेय, पण फरक नाही."

"एकाच पायाची?"

"डाव्या. सुजलाय थोडा."

कादंबरीचा हात मलमाच्या फळीवरच थांबला. "तो पाय चोळू नका. बाईंना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या."

"अहो, पोटरी तर आहे. मला दुसऱ्या पाळीला जायचंय, पळस्पे फाट्यावर आधीच गाड्या तुंबल्यात."

"त्यांना फोन लावा. मला बोलू द्या."

तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्यानं लावला, आणि स्पीकरवर टाकला. कादंबरीनं विचारलं, पाय गरम लागतो का. हो. दम लागतो का.

"सकाळपासून. जिन्यात बसावं लागलं," आभा म्हणाली.

"आभाताई, त्या गोळ्या आता घेऊ नका. डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगा. लपवू नका."

"कुठल्या गोळ्या?" निनादनं विचारलं.

 आभा घाईनं म्हणाली, "कॅल्शियमच्या."

 कुणाला सांगणार नाही, असा शब्द कादंबरीनं आभाला दिला होता. "कॅल्शियमच्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्यामुळे पायात रक्ताची गाठ होऊ शकते. क्वचित होते, पण होते, आणि ती छातीत जाते. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं."

आभानं फोन कट केला. निनाद तिच्याकडे पाहत राहिला.

"मला काही विचारू नका," ती म्हणाली. "आधी त्यांना न्या."

तो गेला. आभाचा नंबर तिच्याकडे नव्हता, घर नेमकं कुठं तेही माहीत नव्हतं. मालक कृष्णकांत आतून सगळं ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "चिठ्ठीशिवाय दिल्या होत्यास?" तिनं मान हलवली. ते परत आत गेले. मग दुकान बंद होईपर्यंत तिनं लोकांना खोकल्याची औषधं दिली, इन्सुलिन दिलं, आणि फोन वाजला की दचकत राहिली.

तिसऱ्या दिवशी निनाद आला. दाढी वाढलेली. हातात इंजेक्शनांची चिठ्ठी.

"गाठ फुप्फुसात गेली होती. अर्धा तास उशीर झाला असता तर हातची गेली असती म्हणाले. आयसीयूत आहे." त्यानं चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "तिची आई अशीच गेली. पाय सुजला आणि दोन दिवसांत संपली. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला असं झालं असेल तर या गोळ्या द्यायच्याच नसतात."

एवढा एकच प्रश्न कादंबरीनं विचारला नव्हता. तिला तो पाठ होता. पण त्या दिवशी आभा घाबरलेली होती, ती दाराकडे बघत होती, आणि कादंबरीलाही घाई झाली होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

त्यानं ते ऐकलं की नाही कळलं नाही. "मला का नाही सांगितलं तिनं?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता इंजेक्शनं घेऊन गेला.

आभाला वॉर्डात हलवल्यावर कादंबरी भेटायला गेली. सासूबाई खुर्चीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाणी आणायला म्हणून उठून गेल्या.

"चिडलात माझ्यावर?" कादंबरीनं विचारलं.

"माहीत नाही," आभा म्हणाली. तिच्या दंडावर इंजेक्शनांचे निळे डाग होते. "या गोळ्या आता जन्मात नाहीत. डॉक्टर म्हणाले तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवता येईल. रक्त पातळ करायच्या औषधांवर दिवस राहणं धोक्याचं आहे, तेही सांगितलं त्यांनी. सगळ्यांसमोर."

"मग?"

"सासूबाईंनी विचारलं, औषधं किती महिने. ते म्हणाले, निदान सहा. त्या म्हणाल्या, मग सहा महिने थांबू."

"आणि निनाद?"

"तो खिडकीतून बाहेर बघत होता."

कादंबरीनं तिचा हात धरला. तांबीबद्दल आणखी बरंच सांगता आलं असतं, सगळं तिला ठाऊक होतं. पण ती बसवायला आभाला इथं परत आणणार कोण, हे दोघींनाही माहीत नव्हतं. आयानं भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं. सासूबाई पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या होत्या, आणि आभानं हळूच आपला हात काढून घेतला.